वज्रधवलची गुप्त कामगिरी

२ मार्च, सकाळ
काल मोबाइलवर एक पिक्चर पाहिला. एक साधा माणूस कंटाळून वेष चढवतो आणि गुंडांना बडवतो. शेवटी त्याचं वाईट होतं, पण त्यानं प्लॅनिंगच केलं नव्हतं. मी करीन. वय चौतीस, बारावी पास, चार एकर ऊस, लग्न नाही. म्हणजे अडवणारं कुणी नाही. उद्यापासून सुरुवात. आज ऊसतोडीची टोळी आलीय.

५ मार्च
उद्या उद्या म्हणता तीन दिवस तोडीतच गेले. आज कॉस्च्यूम. आबा मिलिटरीतून रिटायर झाल्यापासून गावात नारळ फुटला तरी त्यांचा सत्कार होतो. कपाटात शाली एकोणीस. लाल शाल केप म्हणून घेतली. मास्क म्हणून माकडटोपी. ऊन लय आहे, पण गुन्हेगार काय ऊन बघून येतात? टोपणनाव वज्रधवल. खरं नाव वीरधवल, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही.

९ मार्च
पहिली ड्यूटी. म्हाताऱ्या राहीबाईंना वाटलं बहुरूपी आलाय. पोलिसाचं सोंग करून दाखीव म्हणाल्या. ओळख फुटू नये म्हणून करून दाखवलं. सुपातून ज्वारी दिली. घेतली. ज्वारी चांगली आहे.

मग कर्णा लावून चाललेला उसाचा ट्रॅक्टर अडवला. ड्रायव्हरनं हातात दोन ऊस दिले आणि गेला. आवाज कमी झाला खरा, बहुधा ट्रॅक्टर लांब गेल्यामुळे.

चहावाला जोतिबा म्हणाला, वीरधवल, टोपी काढ की गड्या, घाम तरी पूस. आवाज बदलून सांगितलं की वीरधवल रानात गेलाय. बरं म्हणाला. पटलं त्याला.

१४ मार्च
लग्नं जमवणारे दादासोमामा स्थळ घेऊन आले. विट्याची संयोगिता, बी.कॉम. पाच वर्षांतलं पहिलंच स्थळ! शेती म्हटलं की लोक फोन ठेवतात. ही मात्र म्हणाली म्हणे, शेतकरी चालंल, माणूस सरळ पायजे. माझ्यासाठीच बोलल्यासारखं. फोटो अकरा वेळा पाहिला. आईनं देवापुढं साखर ठेवली. वज्रधवलचं तिला लग्नानंतर हळूच सांगेन.

१९ मार्च, दुपार
मोठी केस! तमिळनाडू पासिंगची गाडी. दोन अनोळखी इसम. आमच्या घराचा फोटो काढला, गोठ्यातल्या म्हशी मोजल्या, जोतिबाला विचारलं, नाथाजींच्या घरात माणसं किती? नाथाजी म्हणजे आमचे आबा! आंतरराज्य टोळी, दुसरं काय.

मी ड्रेसमध्येच होतो. दोघांना विहिरीपाशी गाठलं, जोतिबा त्यांना चहा देत होता. त्यातल्या वयस्करानं मलाच विचारलं, आवं, नाथाजींचा पोरगा कसा हाय? लगेच ओळखलं. घरात राखणीला कोण, ते त्यांना काढून घ्यायचं होतं. हाणामारीपेक्षा डोकं वापरलं. म्हणालो, वीरधवल? लय वंगाळ. रोज पितो, पिऊन कुऱ्हाड घेऊन फिरतो. गेल्या साली सख्ख्या चुलत्याचा हात मोडला. रान सगळं कोर्टात. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वयस्करानं मला हात जोडले. गाडीत बसून गेले. रक्ताचा थेंबही सांडला नाही.

२० मार्च
मामांचा फोन. विट्याचे पाहुणे काल न कळवता चौकशीला येऊन गेले. मुलीचे वडील आणि चुलते. स्थळ बघताना असंच गुपचूप येतात. ताईच्या वेळी आम्हीही असेच गेलो होतो, तिकडच्या म्हशी मीच मोजल्या होत्या. त्यांचं कोइम्बतूरला सोनं गाळायचं दुकान, म्हणजे गाडी तिकडचीच असणार. हे सगळं मला माहीत होतं. फक्त काल आठवलं नाही.

जोतिबाला झापलं, तू का बोलला नाहीस? म्हणाला, सोताची एवढी बदनामी सोताच करतुयास म्हंजी तुला लगीनच करायचं नसंल, मी कशाला मधी पडू? चूक जोतिबाची आहे.

आई जेवली नाही.

२२ मार्च
ठरलं. सरळ खरं सांगायचं. प्लॅन सोपा: एक फोन, गैरसमज दूर, पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची. मुलीच्या वडिलांचा नंबर मामांकडून घेतला. फोन उद्या. आज रेंज नीट नाही.

२३ मार्च, सकाळी साडेदहा
केला. सगळं सांगितलं. पिक्चर, शाल, माकडटोपी, टोळी. म्हणालो, वीरधवल दारूला शिवत नाही, तुम्हाला तसं सांगणारा मीच होतो. मग म्हणाले, व्हय? टोपीतलं तुमीच? मग तर तुमचं लय उपकार झालं. पोरगी वाचली माझी.

आई दारात उभी होती. काय म्हणालं रं, म्हणून विचारलं. आभार मानले, म्हणालो.

तीन आठवड्यांत वज्रधवलनं वाचवलेली ही पहिलीच व्यक्ती. मला ती फार आवडली होती.