माझे म्हणून पाठवलेले पैसे

मोहने
मंगळवार, दुपार

प्रिय राजरत्न,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय. माझ्या मनात आत्ता तुझ्यासाठी जे शब्द आहेत ते कागदावर उतरवले तर पोस्टमन पाकिटाला हात लावणार नाही. फोन तू बंद ठेवलायस, एका अर्थी बरंच केलंस. फोनवर मी नुसती ओरडले असते आणि तू नेहमीसारखं, आई तुझं बीपी वाढेल, नंतर बोलू, असं म्हणून कट केला असतास. आता बस आणि वाच. मधे उठू नकोस.

आधी इकडची खबर देते. तुझं टेंभी नाक्यावरचं ऑफिस बंद झाल्याचं कळलं त्या दिवशी आपल्या चाळीतल्या बायका रिक्षा करून ठाण्याला गेल्या होत्या. शटरला कुलूप, बाहेर शे-दोनशे माणसं, आणि काचेवर अजून तुमचं ते पोस्टर. पोस्टरवर कोण, तर मी. पांढरं लुगडं, समोर ग्रंथ, हात जोडलेले. पावसाळ्यात विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसले होते तेव्हा तू मोबाईलवर काढलेला फोटो. मला म्हणालास, आठवण म्हणून काढतोय. आणि खाली मोठ्या अक्षरांत 'करुणा बचत योजना'. करुणा. दुसरा शब्द मिळाला नाही का रे तुला? धनलक्ष्मी म्हणायचं, सोन्याची खाण म्हणायचं, चोरांनी ठेवावं असं कुठलंही नाव ठेवायचं. आपल्या विहारातून उचललेला शब्द दारावर टांगायची काय गरज होती? गरज होती म्हणा. त्या शब्दाशिवाय आणि त्या फोटोशिवाय मोहन्यातल्या एका बाईनंही तुला दमडी दिली नसती.

फोन बंद करायच्या आधी लोकांना तू सांगत सुटला होतास की मी पण तुमच्यासारखाच फसलो, कंपनीचा मालक राकेश साहेब पळाला, मला काही ठाऊकच नव्हतं. पहिले दोन दिवस मीही तेच सांगितलं. दारात आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, माझा पोरगा बावळट असेल, चोर नाही. तुझे पप्पा कारखान्यात होते तेव्हा त्यांच्या हातून साधा नटबोल्ट कधी घरी आला नाही. कारखाना बंद पडला, भोंगा वाजायचा थांबला, लोक जाता जाता काय काय उचलून नेत होते, ते मात्र रिकामा डबा घेऊन घरी आले. त्या माणसाचा मुलगा चोर असेलच कसा, असं मी तावातावाने बोलत होते. आणि बोलता बोलता माझं लक्ष कपाटाकडे गेलं, आणि मी दार लावून घेतलं.

पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात पायल आली होती, आठवतंय ना? तूच पाठवलं होतंस. कापडी पिशवी हातात दिली आणि म्हणाली, आई, ह्यांनी सांगितलंय, तुमचे सगळे पैसे आहेत, घरातच ठेवा, बँकेत टाकू नका आणि कोणाला बोलू नका. मला वाटलं, तुझ्या योजनेत टाकलेल्या माझ्या पैशांची मुदत संपली असेल. मी भोळी, खुश झाले. नर्सिंग होममध्ये आयाचं काम करून, लोकांची बाळंतपणं काढून, कमरेचा काटा ढिला करून साठवलेले पैसे जसेच्या तसे परत आले म्हणून तुझं कौतुक केलं. ऑफिस बंद झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ज्याला काही ठाऊक नसतं तो आपल्या आईचे पैसे आधी गुपचूप बाहेर काढत नाही. तुला ठाऊक होतं. तारखेसकट ठाऊक होतं.

तुला वाटलं असेल, सगळे बुडाले तरी मी आईला वाचवलं. चांगला मुलगा. राजरत्न, मी या पत्रात इतकी चिडलेय ती तू लोकांना लुबाडलंस म्हणून तर आहेच, पण त्याहून जास्त ह्या चांगुलपणामुळे चिडलेय. तू मला विचारलंस का, आई, तुला यातून एकटीला वाचायचंय का? त्या पिशवीत माझे पैसे नव्हतेच. माझे केव्हाच वाटून संपले होते, आधी आलेल्यांचं व्याज म्हणून. पिशवीत जे आले ते गंगुबाईचे होते, नोटांना तिच्या भाजीच्या जुड्यांचा दोरा तसाच होता. त्याच आठवड्यात तू झेंडावंदनाला विहारात आलास, सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडलास, आणि चहाचे कप गोळा करणाऱ्या गंगुबाईला बाजूला बसवून तिचे भाजीच्या धंद्यातले पैसे घेतलेस. तिच्या लेकीच्या, दिशाच्या नर्सिंगच्या फीचे. त्या पोरीला कॉलेजने मुदत दिलीय ती महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर सीट जाईल. एका हाताने गंगुबाईकडून घेतलेस आणि दुसऱ्या हाताने पायलकडे दिलेस, मधे पाणीसुद्धा प्यायला नसशील.

आता ऐक गंगुबाईचं. ती मला शिव्या देईल, झिंज्या उपटेल, याची मी तयारी ठेवली होती. दार लावून बसले होते. तिने दार वाजवलं. हातात ताट, त्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. म्हणाली, मीराबाई, तुम्ही जेवत नाही असं ऐकलं. तुमचेपण गेले ना सगळे, वर पोराचं टेन्शन. खाऊन घ्या, आपण सगळ्या एकाच होडीत हाय. आणि मी काय केलं असेल? मी खाल्लं. कपाटात तिचे पैसे, आणि मी समोर बसून तिची भाकरी खाल्ली. ती पाठीवरून हात फिरवत होती. बोलायला तोंड उघडलं की तुझा चेहरा समोर यायचा आणि मी पुढचा घास भरायचे. तू मला कुठे नेऊन ठेवलंस ते बघ. आयुष्यात मी कोणाचं उष्टंपाष्टं लपवून खाल्लं नाही, उपाशी झोपले पण मागितलं नाही, आणि या वयात मी नाटकी बाई झाले.

गेल्या रविवारी वाचनाआधी पंचशील घ्यायचं होतं. मी पुढे म्हणते, बायका मागून म्हणतात. पहिलं शील म्हटलं. दुसरं, जे आपल्याला दिलेलं नाही ते घेणार नाही, तिथे माझा आवाजच बाहेर येईना. शब्द पाठ आहेत रे, झोपेत विचारलं तरी सांगेन. पण तोंड उघडेना. बायका थांबल्या. मग त्यांना वाटलं मीराबाईंना गहिवरून आलं, बिचारीचा संसार उघड्यावर पडला. गंगुबाईनेच पुढे होऊन ते शील म्हटलं, आणि सगळ्यांनी तिच्या मागे. मी मान खाली घालून बसले. तुझे पप्पा गेले तेव्हासुद्धा मी इतकी खाली मान घातली नव्हती.

घरी येऊन तुझा खूप राग राग केला. तुझं बारशाचं झबलं अजून ट्रंकेत आहे, ते जाळून टाकावंसं वाटलं. जाळलं नाही. नाव ठेवताना तुझे पप्पा म्हणाले होते, आपल्याकडे दुसरं काही नाही, निदान नाव तरी भारी ठेवू. मी तेव्हा हसले होते. तुला कमी काय केलं आम्ही, हे मी रात्रंदिवस शोधते आहे. सापडत नाही. सापडलं असतं तर जरा बरं वाटलं असतं, आपली चूक म्हणून पदरात घेतली असती. पण ही चूक माझी नाही. ही तू टाय लावून, एसीत बसून, हसत हसत केलीस. ती तुझी तुलाच उचलायची आहे.

आज सकाळी मी गंगुबाईला घरी बोलावलं आणि पिशवी तिच्यासमोर ठेवली. सगळं सांगितलं. ती उठून गेली, पिशवीला हातही लावला नाही. दारातून म्हणाली, हे एकटीने घेतले तर मी पण तुमच्या पोरासारखी होईन, बाकीच्या बायका कुठे जातील? म्हणून ठरलंय, येत्या सोमवारी आम्ही सगळ्या मिळून पोलिस ठाण्यात जातोय, पिशवी तिथेच जमा करणार. दिशाची फी कशी भरायची ते विहारात वर्गणी काढून बघू, मी माझ्या कानातले मोडलेत.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मागच्या आठवड्यात दोन पोलिस आले होते, मुलगा कुठे आहे विचारायला. मी माहीत नाही म्हणाले, आणि तेव्हा ते खरं होतं. परवा पायल येऊन रडली आणि सगळं बोलून गेली. हे पाकीट तिच्या आनंदामामाच्या पत्त्यावर, तुझ्या हातात पडलं, यावरून तुला कळलंच असेल. सोमवारी ते मला पुन्हा तोच प्रश्न विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही. रविवारपर्यंत वेळ आहे. स्वतःच्या पायांनी आलास तर पोलिस ठाण्याच्या बाकावर मी तुझ्या शेजारी बसेन, बायका काय म्हणायचं ते म्हणू देत. नाही आलास तर पत्ता मी सांगेन, गावाच्या नावापासून घराच्या रंगापर्यंत.

कितीही वाटलं तरी बदलता येत नाही म्हणून, तुझीच
आई