तुळईचं वय

वडनेर भोलजी, रविवार

प्रिय जहांआरा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. आनंदात भरभर लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

आपण खोदलेल्या टेकाडावरच्या जळक्या धान्याच्या कार्बन-तारखा आल्या! दोन वर्षांपूर्वी तिथल्या घरांच्या तुळयांचा कोळसा तपासला, तेव्हा ती वस्ती चारशे वर्षं टिकली असं निघालं होतं. खोदकाम चालवणाऱ्या आपल्या सरांनी पेढे वाटले. तू एकटी म्हणालीस, "हे लाकडं पह्यले कोनाच्या घरात होते, ते त इचारा." त्यावर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वखारवाल्याची लेक, हिला जिकडेतिकडे जुनं लाकूडच दिसतं." सगळे हसले. तूही हसलीस, पण त्या दुपारी डबा उघडला नाहीस.

आता ऐक. चुलीतला दाणा एकाच हंगामाचा असतो. घर मोडलं की तुळई मात्र पुढच्या घरात जाते, मलकापुरात तुमच्या वखारीतून आजही जाते तशी, आणि आपलं जुनं वय सोबत नेते. म्हणून यंदा थराथरातल्या चुलींमधले दाणे पाठवले. एकेका दाण्याची तारीख शे-दीडशे वर्षांत कुठेही बसू शकत होती. मग गणिताला आपल्याला ठाऊक असलेली साधी गोष्ट सांगितली: खालची चूल आधीची, वरची नंतरची. न जुळणाऱ्या शक्यता गळत गेल्या. उरली साठ ते नव्वद वर्षं. चार शतकं नव्हे गं, फार तर तीन-चार पिढ्या. म्हणजे शेवटची चूल विझवणाऱ्या म्हातारीने पहिली चूल मांडणारी आपली आजी पाहिली असेल. हे सुचलं आणि मी तुला फोन लावला.

अब्बांना झटका आल्यापासून वखार तू बघतेस, आणि खोदकाम तुझ्यापुरतं संपलं म्हणतेस. इकडे सरांचा निबंध तयार आहे. तुळईची शंका 'आमच्या चमूला' आली, असं त्यात लिहिलंय. मी ते खोडून तुझं नाव घातलं. सरांनी ते वाचलं. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात नागपूरच्या परिषदेत तिने स्वतः उभं राहून मांडावं, तर नाव राहील.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी दुपारी वखार बंद असते, तेव्हा येते. सर्वांत वरच्या चुलीतले आणखी थोडे दाणे खात्रीसाठी पाठवायचे आहेत, कोणते ते तू निवड. नाहीच म्हणायचं असेल, तर माझ्या तोंडावर म्हण. आणि अब्बांना सांग, तुळई खोटं बोलली नव्हती. ती आधीच्या घराबद्दल सांगत होती.

तुझीच, तुझ्या डब्यातली अर्धी वाटेकरीण,
सुवर्णा