फेन्नाने या घरात राहू नये म्हणून

मी, रेन्स्के बूलेन्स, माहेरची दायकेमा, वय सेहेचाळीस, जन्म हॉलंडमधल्या ग्रोनिंगन प्रांतातला, हल्ली राहणार नोर्डवेल्ड वसाहत, पाराना राज्य, ब्राझील, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोर्तुगीजमध्ये लिहीत आहे, कारण इथल्या कोर्टाला आमची भाषा येत नाही. चुका असतील. अर्थामध्ये चूक नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही. पोंता ग्रोसा शहरातल्या डॉक्टरांनी मला ईस्टरपर्यंतची मुदत दिली, तीही अडखळत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट, मी हे लिहू नये असेच घरातल्या तिघांनाही वाटते: नवरा हार्मेन, मुलगा बेरेंड आणि मुलगी फेन्ना. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. लग्नामुळे मळ्याचा अर्धा हिस्सा माझा आहे. त्या लग्नाबद्दल कोणी शंका काढू नये म्हणून नोंदवते, की आमचे लग्न हातमोज्याचे, म्हणजे नवऱ्याच्या जागी दुसऱ्याला उभे करून लावलेले, असले तरी कायदेशीर आहे. हार्मेन माझ्या आधी गायी घेऊन इकडे आला होता. वसाहतीत एकट्या मुलीला पाठवत नसत, म्हणून गावच्या कचेरीत त्याच्या जागी त्याचा भाऊ रूल्फ उभा राहिला आणि मी रूल्फच्या हातात हात देऊन ‘हो’ म्हटले. हात गरम होता. साबणाचा वास येत होता. एवढेच आठवते. मग बोट, मग पारानाग्वा बंदराचा धक्का. धक्क्यावर हार्मेन उभा होता. म्हणाला, "बोटीवरच्या कालवडी कशा आहेत?" मी म्हटले, दोन आजारी आहेत. मग त्याने माझी पेटी उचलली.

तो वाईट माणूस नाही. इतक्या वर्षांत त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही, आणि माझ्यासाठी कधी खुर्चीही पुढे ओढली नाही.

कलम २. माझ्या हिश्श्यातला अर्धा भाग कायद्याने दोन्ही मुलांचा, सारखा. त्याला मी हात लावत नाही. राहते घर आणि गोठा बेरेंडच्या वाट्यात धरावा. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "पण आई, ते तर आधीपासून माझंच आहे ना?" त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याला लहानपणापासून तसेच ऐकवले गेले आहे, आणि ऐकवणाऱ्यांत मीही होते.

कलम ३. किरकोळ वस्तू.

वॅफलचा बिडाचा साचा शेजारीण ट्राइन पोस्तमा हिला. तो तसाही फार वर्षांपासून तिच्याच स्वयंपाकघरात आहे. एका नाताळासाठी नेला होता. आता तिने तो लपवून ठेवायची गरज नाही; मी तिच्याकडे गेले की ती त्यावर फडके टाकते, ते मला दिसते.

पाणी तापवायची तांब्याची किटली फेन्नाला. लोकरीचे कोट, जे या हवेत कोणी घातले नाहीत, ज्याला हवे त्याने न्यावेत. बर्फावरून घसरायच्या बुटांची जोडीही पेटीत आहे. ती मी का आणली हे कोणी विचारू नये. त्या पेटीत बसत होती, म्हणून आणली.

चर्चचे वडीलधारे हेस्सेल काम्पिंगा यांना मी काही ठेवत नाही. माझी पहिली मुलगी पंधरवड्याची होऊन गेली, तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, "तू तरुण आहेस, अजून होतील." त्या संध्याकाळी मी धारा काढल्या, कारण गायी थांबत नाहीत. तेव्हापासून मला फारसे काही वाटेनासे झाले. ही तक्रार नाही. हात चालत होते आणि घर स्वच्छ होते.

मला त्या मुलीशेजारी पुरावे. दगड लहान असावा. आमच्याकडे पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करतात. त्या दिवशी डबा उघडा ठेवावा. लोक लांबून येतील.

कलम ४. हे कलम वाटणीचे नाही, पण पुढच्या कलमाला लागते.

हॉलंडहून आणलेल्या आमच्या गायी पहिल्याच उन्हाळ्यात गोचीडतापाने गेल्या. लघवी लाल व्हायची, आणि दोन दिवसांत गाय आडवी. जी वासरे इथे जन्मली ती तरी वाचवायची, असे आम्ही ठरवले. वसाहतीतल्या प्रत्येक घराने वासरांसाठी सिमेंटची जमीन केली, चुना मारला. आम्ही बायका त्यांना रोज ब्रशने घासायचो, अंगावर एक गोचीड राहू द्यायचो नाही. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय देखणी वासरे! चिनीमातीची वाटायची. दीड वर्षांची झाल्यावर त्यांना कुरणात सोडले, आणि ती एकामागून एक मेली.

एक वाचली. ती जन्मल्या जन्मल्या कुंपणाखालून बाहेर गेली होती आणि चिखलातच वाढली. तिच्या अंगावर गोचीड होते. लहान असताना ती दोन-तीन दिवस मलूल पडली, मग उठली आणि पुन्हा कधी आजारी पडली नाही. मी हे हार्मेनला सांगितले.

तो म्हणाला, "घाणीने कधी कोणी बरं होतं का?"

पुढच्या वर्षी मी त्याला न विचारता तीन वासरे आठवड्याची असतानाच बाहेर काढली. ट्राइन कुंपणावरून ओरडली, "अगं, मारतेस की काय त्यांना!" दोन मलूल झाली. तिन्ही वाचली. त्याच्या पुढच्या वर्षी हार्मेनने स्वतः सगळी वासरे बाहेर सोडली. त्याचे कबूल करणे असेच असते.

कलम ५. माझ्या हिश्श्यातला उरलेला भाग, जो मी कोणालाही देऊ शकते, तो म्हणजे ओढ्यापलीकडची कुरणे आणि तिथल्या गायी. हे सर्व मी माझी मुलगी फेन्ना हिला देते, पुढील अटीवर.

तिने सोमवार, ३ मार्चपर्यंत हे घर सोडून कुरितिबा इथे राहायला गेलेले असावे. मी तेव्हा जिवंत असले तरीही. तिथल्या विद्यापीठाची औषधनिर्माणाची प्रवेश परीक्षा ती पास झाली आहे. शिक्षण पुरे होईपर्यंत तिने या घरात सलग तीन रात्रींपेक्षा जास्त राहू नये, कोणी आजारी पडले तरी. कुरणे बेरेंडला वापरायची असतील तर त्याने बहिणीला भाडे पाठवावे; त्यात तिचे शिक्षण भागेल. अट मोडली तर हा सगळा भाग सहकारी डेअरीला जाईल. अट पाळली जाते की नाही हे पाहायचे आणि हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम ट्राइन पोस्तमाकडे देते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे सगळ्या वसाहतीला माहीत आहे.

एवढी कठोर अट का, ते लिहिते. आमच्यात घरची बाई गेली की तिची मोठी मुलगी दफनाच्या दिवसापासून तिच्या जागी उभी राहते. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. डेअरीमागच्या घरातली सीत्स्के सोळाव्या वर्षी अशी उभी राहिली. बायकांच्या मंडळाने तिला नवा एप्रन भेट दिला. आज ती पस्तिशीची आहे आणि भावांचे सदरे धुते आहे.

फेन्नाशी मी बोलले. ती भांडी पुसत होती.

"मी नाही जात. बाबांना कॉफी कोण करून देणार?"

"त्यांना हात आहेत."

"आई, साखर कुठल्या डब्यात असते तेसुद्धा त्यांना माहीत नाही!"

"मग कडू पितील."

ती हसली. मग हातातले भांडे खाली ठेवून म्हणाली, "जावंसं वाटतं गं. पण लोक काय म्हणतील? आईची माती ओली आहे तोवर पोरगी शहरात पळाली. जन्मभर ऐकावं लागेल मला."

म्हणून हे कलम. आता लोकांनी म्हणावे की रेन्स्केने मरता मरता पोटच्या पोरीला घराबाहेर काढले. मला ऐकू येणार नाही. फेन्नाने मान खाली घालून म्हणावे, "काय करू, आईची अट होती." ती स्वतःहून गेली असे कोणीही म्हणू नये.

वाचनानंतरची जोड. आज सकाळी कायद्याप्रमाणे पाच साक्षीदारांपुढे हा कागद मोठ्याने वाचला. ट्राइनही होती, साक्षीदार म्हणून नव्हे, ऐकायला. हार्मेन खिडकीपाशी बसला होता. फेन्ना कॉफीचे भांडे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. पाचवे कलम संपताच साक्षीदारांपैकी हेस्सेल उठले.

"मी यावर सही करणार नाही. मुलीला बापाच्या घरातून हाकलायचा कागद आहे हा."

"हाकलायचा नाही, पाठवायचा," ट्राइन म्हणाली. "ऐकू कमी येतं का तुम्हाला?"

"तू गप्प बस, ट्राइन. तुला वॅफलचा साचा मिळालाय."

त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. चार सह्यांचा कागद कोर्टात चालत नाही. माझ्या अंगात पुन्हा कोणाला बोलावून बसायचे बळ उरले नव्हते. आता झाले, असे मनात आले. फेन्नाने नुसते गप्प राहायचे होते. कागद तसाच पडला असता आणि ती घरी राहिली असती.

तेव्हा हार्मेन खिडकीबाहेर पाहत बोलला, "दुधाचा ट्रक आत्ताच गेला. जीप घे. पुलापाशी गाठशील त्याला."

फेन्ना जागची हलली नाही. "बाबा, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय?"

"आल्यावर तेवढा साखरेचा डबा दाखवून ठेव."

तिने कॉफीचे भांडे खाली ठेवले आणि ती गेली. जीप सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही.

ती ट्रकचालक ओसोरियोला घेऊन परत आली. तो टोपी हातात धरून खुर्चीच्या टोकावर बसला. "बाई, कॅन उन्हात उभे आहेत. सगळं वाचा, पण जरा भराभर वाचा." म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून वाचले, भराभर, पाचही जणांपुढे. पाचव्या कलमाशी फेन्नाने मला थांबवले.

"सोमवार नको, आई. सोमवारची बस दुपारी पोचते आणि वर्ग त्याच सकाळी सुरू होतात. रविवार देवाचा, त्या दिवशी तर आपण प्रवास करत नाही. शनिवारीच निघावं लागेल."

दुरुस्ती: कलम ५ मध्ये ‘सोमवार, ३ मार्च’ याऐवजी ‘शनिवार, १ मार्च’ असे वाचावे. हा बदल माझ्या हातचा असून माझ्या मुलीच्या सांगण्यावरून केला आहे.

स्थळ: नोर्डवेल्ड, पाराना
दिनांक: ११ फेब्रुवारी १९७५

(सही) रेन्स्के बूलेन्स-दायकेमा

हे सर्व आमच्यासमक्ष वाचले गेले. बाई शुद्धीत होत्या आणि त्यांचा आवाज स्पष्ट होता. साक्षीदार:

वुब्बे मुल्डर, शाळामास्तर
आल्टिए मुल्डर, त्यांची पत्नी
लामबर्ट स्लाखतर, डेअरीतले
दोना झुल्मिरा प्रेस्तेस, सुईण
ओसोरियो ताबोर्दा, दुधाच्या ट्रकचा चालक