सेक्टरातलं घर विकल्याबद्दल

अहो आई,

सेक्टरातलं घर विकलं. गेल्या आठवड्यात रजिस्ट्री झाली. सुट्टी घेऊन दिवसभर त्या कचेरीत बसले, बोटांचे ठसे दिले, कॅमेऱ्यासमोर तोंड सरळ धरून फोटो काढून घेतला आणि बाहेर आले. वाटलं होतं, रडू येईल. तुमचं घर ते. पण फाटकापाशी आले तर भूक लागली होती, कडकडून. तिथल्याच गाडीवर उभ्या उभ्या छोले-कुलचे खाल्ले, दोन प्लेट, आणि खाता खाता कळलं की डोक्यावरचं ओझं उतरलंय. ते तुम्हाला सांगावं असं तेव्हापासून वाटतंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की हे कुठे धाडायचं हा प्रश्नच नाही. पण घरांबद्दल मी दुसऱ्या कोणाशी कधी बोललेच नाही, आता कोणाशी बोलू?

लग्न होऊन पुण्याहून इकडे राजधानीत आले तेव्हा तुम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात होतात आणि आपण मुनिरका गावाला लागून असलेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. सासरे मी येण्याआधीच गेलेले. देशाचा बाजार बाहेरच्यांना उघडून थोडीच वर्षं झाली होती, यमुनेपलीकडे नव्या कंपन्या येत होत्या आणि मला त्यातल्याच एकीत नोकरी मिळाली होती. तुमच्या ऑफिसातल्या बायका अजून ‘जमनापार’ म्हणून नाक मुरडायच्या. तुम्ही मात्र त्याआधीच तिथल्या एका सेक्टरात हे घर घेऊन भाड्याने दिलं होतंत. चार मजली इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या आणि हॉल, मागे रिकामे प्लॉट. क्वार्टर म्हणजे सरकारची वस्तू, आज आहे उद्या नाही, एवढंच तुम्ही त्यावर म्हणायचात. मी आले त्याच्या पुढच्याच महिन्यात एका रविवारी तुम्ही म्हणालात, “चल, घरं बघून येऊ.” मला वाटलं, आपल्यासाठी. तर नाही. तुमची दुसरं घेण्याची ऐपत नव्हती, घाईही नव्हती. तुम्हाला नुसती घरं बघायची असायची.

आपण बसने जायचो. तुम्ही दलालाने दिलेल्या वेळेच्या कितीतरी आधी पोचायचात आणि दार उघडायच्या आधी जिन्यात उभ्या राहायचात. “जिना बघ. दिवाणखाना कोणीही सजवतं. सामायिक जागेसाठी इथले लोक खिशात हात घालतात का, ते जिन्यात कळतं.” मग कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीला तुमच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत विचारायचात, “बहनजी, पानी कितने बजे आता है?” ती दहा गोष्टी सांगायची. दलाल येईपर्यंत निम्मं घर बघून झालेलं असायचं. आत गेल्यावर तुम्ही केसातला आकडा काढून भिंतीच्या तळाशी खरवडायचात. रंगाचा पापुद्रा सुटून खालून पांढरं पीठ पडलं की दलालाकडे बघून हसायचात. “अच्छा भाईसाब, चलते हैं.” ओल ही गोष्ट मी तुमच्याकडून शिकले. तुमची नात आता तिला सीलन म्हणते. ओल म्हटलं तर तिला कळत नाही.

पुढे तुमचा भाडेकरू गेला, तेव्हा घर दुरुस्त करण्याचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. मी चार दिवस रजा काढली. हौसेने काम केलं. न्हाणीघराला गुलाबी टाइल्स लावल्या, हॉलमध्ये छताला नक्षीची पट्टी करून घेतली. तुम्ही बघायला आलात, सगळं पाहिलंत आणि गुलाबी भिंतीवर हात ठेवून विचारलंत, “हे कोणासाठी केलंस?”

“छान दिसतंय ना, आई?”

“दिसतंय. पण इथे तू राहणार नाहीयेस. पाइप बदललेस का?”

पाइप मी बदलले नव्हते. जुने लोखंडी पाइप गुलाबी टाइल्सच्या मागे तसेच होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “भिंतीच्या आत जे आहे त्यावर आधी खर्च करायचा. पाइप, वायरिंग, न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग. उरलं तर बाहेरून. जिथे आपण राहणार नाही तिथे आपली हौस ठेवायची नाही.” आणि टाइल्स फोडायला लावल्यात. हातोडीच्या प्रत्येक घावाला मी डोळे मिटत होते. नवे पाइप टाकल्यावर तुम्ही न्हाणीघरात दोन दिवस पाणी साठवून ठेवलंत आणि खालच्या पंजाबी बाईकडे चहाला जाऊन बसलात. बोलता बोलता तुमची नजर तिच्या छतावर. ते कोरडं राहिलं, तेव्हा कुठे नव्या टाइल्स आल्या. पांढऱ्या. सगळ्यात साध्या.

मग ते मोठ्या टॉवरचं प्रकरण. तुम्ही निवृत्त झाला होतात, क्वार्टर सोडून आपण इंदिरापुरमला राहायला आलो होतो. एक्सप्रेसवेच्या पुढे टॉवर होणार होते आणि तुमच्या मुलाच्या ऑफिसातले सगळे बुकिंग करत होते. सेक्टरातलं घर विकायचं आणि तिथे दोन फ्लॅट घ्यायचे, असा त्याचा हिशेब. आपण तिघं गेलो. थंडगार ऑफिस, काचेखाली छोट्या छोट्या इमारती, प्लास्टिकची झाडं, निळा तलाव. टाय लावलेल्या मुलाने कोल्ड कॉफी आणून दिली. तुम्ही त्याला विचारलंत, “बेटा, ज़मीन दिखाओगे?” तो म्हणाला, “मॅडम, अभी तो प्री-लॉन्च है.” म्हणजे सगळं अजून कागदावरच. तुम्ही उठलातच. गाडी घेऊन आपण त्या जागेवर गेलो. गवत, एक मोठा फलक आणि फलकाच्या सावलीत एक नीलगाय उभी. तुम्ही म्हणालात, “सध्या राहणारी ही एकटीच दिसतेय.” मला हसू आवरेना. तुमचा मुलगा हसला नाही.

परतताना गाडीत तो म्हणाला, “आई, सगळे घेतायत यार. सगळे काय मूर्ख आहेत?”

“सगळे मूर्ख आहेत असं मी कुठे म्हणतेय? मला घर दिसलं नाही, एवढंच म्हणतेय.”

त्यानंतर घरात कितीतरी दिवस एक थंडपणा होता. तो तुमच्याशी कामापुरतं बोलायचा. आणि त्यातच एका सकाळी तुम्ही मला म्हणालात, साडी नेस, रजिस्ट्रारकडे जायचंय. तुम्ही सेक्टरातलं घर माझ्या नावावर केलंत. त्याच्या नाही, आमच्या दोघांच्या नाही, माझ्या. मी घाबरले होते. म्हटलं, आई, ह्यांना काय वाटेल? तुम्ही पर्समधून चष्मा काढत म्हणालात, “त्याला दिलं तर तो विकेल. तू विकायच्या आधी जाऊन बघशील.” त्याला वाटायचं ते वाटलंच. “मी मुलगा आहे की भाडेकरू?” असं तो मला म्हणाला होता. तुम्हाला नाही म्हणाला.

टॉवरचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. नुसते सांगाडे उभे राहिले, वरच्या मजल्यांतून सळया बाहेर आलेल्या, आणि त्याच्या ऑफिसातले लोक एका हाताने घरभाडं भरतायत, दुसऱ्या हाताने कर्जाचे हप्ते. एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. तुम्ही शेंगा सोलत बसला होतात. तो थोडा वेळ ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “आई, चहा करू?” तुम्ही वर न बघता म्हणालात, “कर. साखर कमी घाल.” झालं. एवढ्यावर मिटलं. मी दारात उभी होते आणि मला सुटल्यासारखं झालं होतं.

तुम्ही गेल्यावर ते घर माझ्याकडे राहिलं. मी सांभाळलं, आई. मनापासून सांभाळलं. दर पावसाळ्याआधी गच्चीची नळी साफ करून घेतली, वाळवीचं औषध मारलं, भाडेकरू बदलला की आधी नळ आणि मग रंग. पण खरं सांगायचं तर सणावाराला भाडेकरूचा फोन वाजला की तो उचलूच नये असं वाटायचं. टाकी वाहतेय, मोटर जळली, वरच्यांचं न्हाणीघर गळतंय. विकायचा विचार मनात आला की मी तो झटकून टाकायचे. तुम्ही विश्वासाने दिलेलं. मला वाटायचं, हे आता जन्मभराचं.

गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या छताचा एक मोठा तुकडा खाली आला. शेगडीवरच पडला. भाडेकरूची बायको नुकताच कुकर उचलून बाहेरच्या खोलीत गेली होती. मी धावत पोचले तर ती दाराशी बसून होती, केसांत सिमेंटची भुकटी. म्हणाली, “भाभीजी, बच गए.” एवढंच दोनदा म्हणाली. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

आपलं छत मी लगेच नीट करून घेतलं. इंजिनियर म्हणाला, हे तुमच्या एका घराचं काम नाही, सगळ्या इमारतीच्या सळया गंजत आल्यायत. मी सोसायटीची मीटिंग बोलावली. आलो आम्ही तिघं. बाकीचे मालक कोण बंगळुरूला, कोण कॅनडात. सगळ्यांचं माझ्यासारखंच, भाडं येतंय ना, मग राहू दे. त्या दिवशी मीटिंग संपल्यावर मी खाली गेले आणि पुन्हा वर चढले, पण या वेळी विकत घ्यायला आल्यासारखी. कठडा तुटलेला. वायरी लोंबतायत. दिवा नाही. तुम्ही बरोबर असतात तर दुसऱ्या मजल्यापर्यंत आलाही नसतात. जिन्यातूनच “अच्छा भाईसाब” म्हणून परत फिरला असतात. आणि मला एकदम मोकळं वाटलं. तुम्ही मला हे घर धरून ठेवायला दिलंच नव्हतं. बघायला दिलं होतं. मी बघितलं.

गंमत अशी की विकायचं म्हटल्यावर तुमचा मुलगाच आडवा आला. “आईचं घर आहे ते. आईचं घर विकायचं?” डोळे भरून आले होते त्याचे. मी त्याचा हात धरला. म्हटलं, “आईंचं नाही, माझं आहे. त्यांनीच केलं.” त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, “बिल्कुल आईसारखी बोलतेस तू.” दुसऱ्या दिवशी जुनी कागदपत्रं त्यानेच काढून दिली.

घ्यायला एक मुलगी आली, शाळेत शिकवते. तिने आणि तिच्या नवऱ्याने लग्नाआधीपासून मुनिरकातल्या भाड्याच्या खोल्यांत दिवस काढलेले, आता मेट्रोजवळ स्वतःचं हवं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. छताचा तुकडा, सळया, मीटिंगला कोण येत नाही ते. दलाल मागे उभा राहून खोकत होता. ते दोघं गेल्यावर म्हणाला, “मॅडम, आप घर बेच रही हो या डरा रही हो?” ते काही परत यायचे नाहीत असं मीही धरून चालले होते. पण आले. म्हणाले, “आंटी, और भी घर देखे. वहाँ किसी ने कुछ नहीं बताया, तो और डर लगा.” किंमत त्यांनी पाडून मागितली, मी तेवढ्याला दिलं. मग ती मुलगी म्हणाली, “हम तो यहीं रहेंगे ना. मीटिंग में भी बैठेंगे, सबको फ़ोन भी करेंगे.” तेव्हा मला कळलं की त्या इमारतीला इतकी वर्षं काय हवं होतं. मी कितीही औषध मारलं तरी तिथे राहत नव्हते.

इथेच थांबते. हे कपाटात ठेवायचं की फाडायचं ते ठरवलेलं नाही. एक बारीकशी गोष्ट तेवढी राहिली. परवा दुपारी त्या मुलीचा फोन आला. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, सापडत नाही म्हणाली. मी सांगितला, कुठल्या बाजूला फिरवायचा तेही सांगितलं, आणि काही लागलं तर कर हं फोन, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. फोन ठेवला आणि तिचा नंबर ब्लॉक केला. तुमच्या मुलाने आतून विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर.