आचाऱ्यांचा र

राजापेठ, अमरावती
१२ जानेवारी २०१५

चि. हरिहर,

अनेक आशीर्वाद. अकोल्याला तुम्ही दोघं नवराबायको खुशाल असाल. इकडे थंडी बरीच आहे. आबांची तब्येत ठीक. अदितीने पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. फोनवर हा विषय निघाला की तुला नेमकं ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला.

रविवारी मूर्तिजापूरला आबांचा सत्कार आहे, हे तुला ठाऊक आहे. नापिकीच्या वर्षांत जी लग्नं एकाच मांडवात लागली, त्यांचा स्वयंपाक आबांनी केला. आता तीच जोडपी हा कार्यक्रम करताहेत. फ्लेक्सचं काम माझ्याकडे आलं. मजकूर साधा: 'ज्येष्ठ आचाऱ्यांचा सत्कार'. इथल्या साजिदच्या दुकानातून नमुना फोनवर आला, त्यात 'आचार्यांचा'. तो तुला पाठवला, तर तू म्हणालास, "राहू दे ना ताई. आबाचा मानच वाढते."

खरं सांगते, क्षणभर मलाही बरं वाटलं. का वाटलं, हे रोजनिशीत लिहायला बसले आणि पुढे लिहवेना. तेवढ्यात आबांनी फोन मागितला. डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाले, "हे कोन आचार्य? माहा सत्कार नोय काय मंग?"

दुसऱ्या दिवशी साजिदच्या दुकानात जाऊन बसले. तो वैतागला.

"ताई, कॉम्प्युटरच ऐकून नाही राहिला, मी काय करू? र चा पाय मोडून य लावला का र उडून डोक्यावर बसते."

"डोक्यावर नको. य ला खेटून बसला पाहिजे."

"एका र साठी काहून एवढं? आमच्या नावातले नुक्ते लोक रोज खातेत, आमी काही बोलतो?"

मी माझा फोन काढला. र वर बोट दाबून ठेवलं, तसा वर दुसरा र आला, खाली टिंब असलेला. साजिद हसला. "अरे, हा तर नुक्ता!" मग त्याने तो कीबोर्डवर शोधला. शिफ्ट धरून र ची कळ दाबायची होती, एवढंच. त्याचा पाय मोडून य जोडला, टिंब गेलं आणि र शहाण्यासारखा य च्या शेजारी बसला.

हरी, वर 'तब्येत ठीक' लिहिलं ते खरं नाही. उजवा हात आता झारा धरत नाही. परवा कढीचा घोट घेऊन त्यांनी मला विचारलं, "मीठ घातलं का यात?" घातलं होतं. डॉक्टर म्हणतात, अर्धांगाचा दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही.

आणखी एक. दिवाळीत अदितीने मला सहज विचारलं होतं, "आबा कोणत्या पाठशाळेत शिकवायचे?" मी भाजी वाढून घेतली. तिला हे कोणी सांगितलं, ते मी विचारणार नाही. पण तिला उत्तर तू द्यायचं आहेस, आणि रविवारच्या आधी. कारण फ्लेक्स छापून झाला आहे. तो शब्द रस्त्यावरूनही वाचता येईल एवढा मोठा आहे.

सुधारलेला नमुना आबांना दाखवला. डाव्या हाताचं बोट शब्दाखाली धरून त्यांनी वाचला. "हां. आता मी होय." मग म्हणाले, "हरी येते ना?"

मी हो म्हटलं. तुला न विचारता.

अदितीला घेऊन ये. येतो म्हणून मेसेज करशील, तेव्हा कोणाच्या सत्काराला येतोस, तेही लिही. घाई करू नकोस. र दाबून धरावा लागतो.

आचाऱ्याची लेक,
तुझी सुभद्राताई