पाचवं नाव

दि. ८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. ग्रंथालयाच्या शिडीवरून आजवर बरेच जण पडले, पण हातातलं पुस्तक न सोडता पडणारी मी पहिलीच, असं आमचे साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. आणखी दोन महिने मला घरात बसायचं आहे. तुमचा खोकला कसा आहे? टर्पेंटाइनचा डबा उशाशी ठेवून झोपू नका म्हणून मागेच लिहिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. ठिपक्याच्या विद्यापीठाचं पत्र आलंय. वसतिगृहाच्या फॉर्मवर माझा पत्ता होता, म्हणून माझ्याकडे. तिथल्या नाटक-संगीतासाठी राबलेल्या पाच विद्यार्थ्यांचा ते दरवर्षी गौरव करतात आणि नाट्यगृहाच्या दालनातल्या लाकडी फलकावर त्यांची नावं लिहितात. यंदाच्या पाचांत आपला ठिपक्या आहे. तीन वर्षं नाटकांचे पडदे त्याने रंगवले म्हणून. त्याला जाऊन पाच महिने झाले हे त्यांना ठाऊक आहे, तरी नाव गाळायचं नाही असं ठरलं म्हणे. पत्र वाचून मी खूप रडले, बाबा.

२२ फेब्रुवारीला समारंभ आहे. मानपत्र घ्यायला घरचं कोणीतरी यावं असं त्यांनी लिहिलंय. मी जाऊ शकत नाही. तुम्ही जा.

खोकल्याचं औषध आणि माझ्यावरची माया, दोन्ही वेळच्या वेळी चालू ठेवावी.

तुमची
ताई


दि. १५ जानेवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

तुला हाडांपेक्षा पुस्तकाची काळजी जास्त, हे वाचून काही नवल वाटलं नाही. डबा उशाशी नाही, पायाशी असतो. खोकला मागच्यासारखाच आहे.

मी जाणार नाही. कारण विचारशील म्हणून एकदाच लिहितो, पुन्हा विषय काढू नकोस.

त्याच्या पहिल्या आठवड्यात मी त्याची ट्रंक पोचवायला गेलो होतो. एका दुकानाची पाटी अर्धी टाकून तसाच निघालेला, सदऱ्यावर निळा रंग. वसतिगृहाच्या फाटकातून तो मित्रांबरोबर उभा दिसला आणि मी नेहमीसारखी ठिपक्या म्हणून हाक मारली. तुला माझा आवाज माहीत आहे. तो धावत आला. कान लाल झालेले. हळूच म्हणाला, की बाबा, इथे मला त्या नावाने हाक मारू नका.

मी बरं म्हटलं. दीड वर्षाचा असताना रंगात बोट बुडवून घरभर ठिपके काढत फिरायचा, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्या दिवसानंतर मी ते तोंडातून काढलं नाही. सुट्टीत घरी आला तरी कागदावरच्या नावाने बोलवायचो. तू चिडायचीस, की बाबा, किती ताणता. ताणलं खरं. ज्या पोराला माझ्या तोंडचं नाव नको होतं, त्याचं मानपत्र मी कोणत्या तोंडाने घेऊ?

आणि फलकाचं म्हणशील, तर हल्ली ती कापून आणलेली चिकट अक्षरं लावतात. दोन उन्हाळ्यांत सोलून निघतात. अशा ठिकाणी त्याचं नाव बघायला मी जाऊ?

पाय उंच ठेव. बापाचा राग धरू नकोस, धरलास तर बरं वाटेपर्यंतच धर.

तुझे
बाबा


दि. २७ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातलं फाटकाचं मला माहीतच नव्हतं. तुमच्यात काहीतरी बिनसलंय एवढं कळायचं. तो अठरा वर्षांचा होता, बाबा. अठराव्या वर्षी मलासुद्धा तुमच्या आवाजाची लाज वाटायची. आज ऐकायला मिळाला तर मी एका पायावर नाचत येईन.

मी त्यांच्या नाटकाच्या बाईंना फोन केला. तुमचा अंदाज निम्मा बरोबर निघाला. फलक पहिल्यापासून हाताने रंगवलेला आहे, पण त्यांच्या जुन्या पेंटरचे हात आता थरथरतात, म्हणून यंदा चिकट अक्षरं मागवायची होती. मी सांगितलं, माझे वडील चाळीस वर्षं पाट्या रंगवतात. रागावा हवं तर. मानपत्र घेऊ नका, मंचावर जाऊ नका. आदल्या दिवशी जाऊन पाच नावं तेवढी लिहून या.

नावांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्याचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा, ऑफिसवाले काटेकोर आहेत.

हट्टाच्या बाबतीत मी तुमच्यावरच गेले आहे, तेव्हा उत्तरात नाही लिहू नये.

तुमची
ताई


दि. २३ फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

जाऊन आलो. तुझ्या हट्टापुढे कोणाचं चाललंय?

फलक सागवानी आहे, जुन्या पेंटरचा हातही चांगला. अक्षर बघून माणूस कळतो, हा गडी निवांत काम करणारा होता. मी खडूच्या दोरीने रेघा मारल्या. तुला माहीत आहे, मी अक्षरं आधी आखत नाही, मोजून मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जातो. पहिली चार नावं चिठ्ठीत दहादा बघून लिहिली. परक्याच्या मुलाचं नाव चुकवायचं नाही. पाचव्याला चिठ्ठी खिशात टाकली. स्वतःच्या पोराचं नाव कोणी कागदात बघून लिहितं का?

ब्रश धुवायला वाकलो, उठून पाहिलं, तर फलकावर सोनेरी अक्षरांत ठिपक्या लिहिलेलं.

ताई, जे नाव त्याला चारचौघांत नको होतं, तेच मी सगळ्या विद्यापीठासमोर लिहून ठेवलं होतं. फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि पुसणार, एवढ्यात मागून कोणीतरी माझा हात धरला. नाटकाचे दिवे सांभाळणारी एक मुलगी होती. तिने विचारलं, की का पुसताय? आम्ही सगळे त्याला ठिपक्याच म्हणायचो.

मी म्हटलं, तुम्हाला हे नाव कोणी सांगितलं? तिने मला मागच्या खोलीत नेलं आणि गुंडाळलेले पडदे एकेक करून उलगडले. जंगल, बाजार, रेल्वेचा फलाट. प्रत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली, पाटीवर मी सही करतो त्याच जागी, बारीक अक्षरांत ठिपक्या. त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं, बाबा मला या नावाने हाक मारायचे म्हणून. तिने विचारलं, मारायचे म्हणजे? तर म्हणाला, की पहिल्या आठवड्यात मी मूर्खासारखा बोललो, तेव्हापासून मारत नाहीत. आता मागून घ्यायची लाज वाटते.

तो वाट बघत होता गं. आणि मी ताणून बसलो होतो.

हॉस्पिटलातले ते चार दिवस आठव. ताप उतरत नव्हता, डॉक्टर म्हणाले, की त्याच्याशी बोलत राहा, हाका मारा. मी चारही दिवस त्याला कागदावरच्या नावाने हाका मारल्या. एकदाही ठिपक्या म्हटलं नाही. तो वाचला नसता, मला कळतं. पण डोळे उघडून एकदा बघितलं असतं का, हे आता मला कोण सांगणार?

ऑफिसातला कारकून आला, नियम सांगू लागला. बाई त्याला बाजूला घेऊन गेल्या. शेवटी खाली लहान अक्षरांत प्रमाणपत्रावरचं नाव लिहून दिलं. वरचं तसंच राहिलं.

काल मंचावर गेलो, मानपत्र घेतलं. सगळे गेल्यावर फलकासमोर उभा राहिलो आणि एकदा हाक मारली. फाटकात मारली होती तेवढ्याच मोठ्याने. रखवालदार धावत आला, कोणाला बोलावताय विचारू लागला. मुलाला, म्हटलं. तो बिचारा बाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला, की तिकडे कोणीच नाही.

मानपत्र पायाला बरं वाटलं की येऊन बघ. आणि मी कधी रुसून गप्प बसलो, तर तू गप्प बसू नकोस. एवढी माया बापावर ठेव.

तुझे आणि ठिपक्याचे
बाबा