तुझा वाटा

कुल्लोर्सुआक,
१८ फेब्रुवारी

प्रिय आविआया,

तुझं पत्र मंगळवारच्या हेलिकॉप्टरने आलं. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, तरी चर्चला चालतच जाते. हिवाळाभर लपलेला सूर्य परत आला. पोरं त्याला बघायला शाळेमागच्या टेकडीवर चढली होती. समुद्रावर बर्फ यंदाही उशिरा धरला. मिनिक म्हणतो, वरून चांगला दिसतो, पण आता नवऱ्याने बायकोवर ठेवावा तेवढासुद्धा विश्वास त्याच्यावर ठेवायचा नाही. हा माझ्या नवऱ्याचा विनोद. स्लेजची कुत्री दोनच उरलीत. बाकीच्यांचं विचारू नकोस.

तू लिहितेस, नवा अहवाल आलाय. आमच्या दारातल्या पाण्यात मारलेलं सील हवामानाला फारसं जड नाही, तुमच्याकडे विमानाने येणाऱ्या भाज्यांपेक्षाही हलकं, असं त्यात आहे म्हणे. "माझं चुकलं, आता मी ते खाऊ शकते." आणि पुढच्याच ओळीत, एनोकने मारलेलं थोडं सील पाठव, मला त्यावर लेख लिहायचाय.

खाऊ शकते. हे वाक्य मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मनात म्हणून पाहिलं. कुठूनही गोड लागेना.

तू विसरली नसशील, तरी लिहिते. बाबा बर्फाखाली गेले त्याच वर्षी माझा मुलगा जन्मला आणि आपण त्याला बाबांचं, एनोक हेच नाव दिलं, म्हणजे बाबाच परत आले. पाळण्यात त्याला पहिल्यांदा "बाबा" म्हणून हाक मारलीस ती तूच. फोनवर "बाबा, जेवलात का?" म्हणायचीस आणि तो बोबडं बोलत "हो पोरी" म्हणायचा. आई तेवढ्यावर दिवसभर हसायची.

त्याने पहिलं सील मारलं तेव्हा तू नेमकी इथे होतीस. मला वाटलं, बाबांनीच जुळवून आणलं. सगळं गाव घरात मावलं होतं. पहिली शिकार आपल्या हाताने वाटायची, म्हणून तो एकेकाला देत फिरत होता, कान लालबुंद. तुझ्यापाशी आला तेव्हा त्याने कलेजीचा तुकडा सुरीच्या टोकावर धरला. बाबा तुला तसाच द्यायचे. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आविआया. मी तर नाहीच.

तू म्हणालीस, "नको. मी पृथ्वीसाठी प्राणी खायचे सोडलेत."

आमालिआ आजीने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. "पृथ्वी कोण गं? सासू का तुझी? एवढी घाबरतेस ती!" लोक हसले. तूही हसलीस. आणि मग बॅगेतून छोल्यांचा डबा काढलास. तो डबा किती समुद्र ओलांडून आला होता, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पाहुणीला विचारत नाहीत.

तो सुरी धरून उभाच होता. मी पुढे होऊन तुकडा घेतला. म्हटलं, "मावशीचं पोट बिघडलंय, नंतर खाईल." कागदात गुंडाळला, वर तुझं नाव लिहिलं आणि फ्रीजरमध्ये ठेवला. तेव्हापासून तो तिथेच होता. फ्रीजर उघडला की एनोकच्या नजरेला पडायचा.

आता तू सील मागतेस म्हणून सांगावं लागतंय. एनोकने त्यानंतर एकही सील मारलेलं नाही. मिनिक म्हणतो, "चल रे, बर्फाखालची जाळी बघून येऊ." तर याचे पाय दुखतात. मिनिक एकटा जातो. त्या बर्फावर, एकटा. तो परतेपर्यंत मी खिडकीतून हलत नाही आणि एनोक माझ्याकडे बघत नाही. सीलच्या सूपला तो तोंड लावत नाही. म्हणतो, "मावशीला चालत नाही, तर मला का?" दुकानातली गोठवलेली कोंबडी खातो. ती कुठल्या देशातून जहाजाने येते देव जाणे. तुझ्या अहवालात तिचं वजन असेल तर कळव.

परवा जेवताना मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. वाटलं, तुझं "चुकलं" ऐकून त्याला बरं वाटेल. त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, "आणि अहवाल आला नसता तर?"

"अरे, चुकलं म्हणतेय ना ती," मिनिक म्हणाला.

"ते अहवालाला म्हणतेय."

तो उठला. फ्रीजरचं झाकण वाजलं, मग दार. मी बाहेर गेले तेव्हा आपली म्हातारी कुत्री कागद चाटत होती. तुझ्या नावाची शाई तिच्या जिभेला लागली होती. एनोक तिच्या मानेवर हात फिरवत होता, अगदी हळू. रडत नव्हता. मी त्याला थांबवलं नाही, आविआया.

तेव्हा पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लेख दुसऱ्या कुणावर लिही.

यायचं असेल तर ये. पत्र नको, डबा नको, अहवाल तर नकोच. दारात उभी राहून त्याला बाबा म्हण. तो ओ देईल की नाही, मला माहीत नाही. दिली, तर त्याच्या शेजारी बस आणि ताटात पडेल ते खा. बहुतेक दुकानातली कोंबडीच असेल.

तुझी बहीण,
आणि तुझ्या बाबांची आई,
नाया